पान एकशे त्र्याण्णव

निबंधाचा विषय सुचत नसेल तर आधी खाली जाऊन ये, असं आमच्या कॉलेजात पोरं एकमेकांना सांगत. खाली म्हणजे ग्रंथालयाच्या तळघरातली दुरुस्तीची खोली. तिथे बाइंडर काका सदतीस वर्षं बसले. मी वर देवघेवीच्या काउंटरवर. आमच्या दोघांमध्ये एक जिना आणि फाटक्या पुस्तकांची एक ढकलगाडी, एवढंच. त्यामुळे हे सगळं मला माहीत आहे. काही मी डोळ्यांनी पाहिलं, बाकीचं त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता, पुठ्ठा कापता कापता.

काका सातवीपर्यंत शिकलेले. हात मात्र असा की पानं गळणारं, पाठ तुटलेलं पुस्तक खाली जावं आणि आठवड्याभरात ताठ होऊन वर यावं. खोलीत खळीचं पातेलं, दाभण, दोऱ्याची रिळं, दाब द्यायचं लोखंडी यंत्र आणि खिडकीच्या जागी छताजवळ एक जाळी. त्या जाळीतून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. काका पायांवरून माणूस ओळखत आणि कडांवरून पुस्तक.

कडांवरून म्हणजे खरंच. बंद पुस्तक उजेडात आडवं धरलं की ज्या पानांना जास्त हात लागलेत तिथे कडेला काळपट पट्टा दिसतो. काका तो पट्टा बघत, तिथे पुस्तक उघडत, पेन्सिलीच्या रेघा आणि समासातल्या खुणा बघत. ही त्यांची करमणूक होती. एकदा एक मुलगी जिन्यावर बसून रडत होती. मांडीवर अभ्यासक्रमातली ती जाडजूड जुनी कादंबरी, आणि लिहायचा निबंध कशावर, तर कादंबरीतली प्रतीकं आणि आशय. काका म्हणाले, "अगं, रडतेस कशाला? चाळीस ते साठ पानं बघ. सगळ्यांनी तिथेच रेघा मारल्यात. घड्याळाचं काहीतरी आहे बघ तिथे." मुलीने घड्याळावर लिहिलं आणि ती वर्गात पहिली आली.

झालं. दुसऱ्या वर्षी तिघं आले, तिसऱ्या वर्षी दहा. काकांना नाव पडलं विषयकाका. पोरं दाराशी रांग लावत आणि काका चष्मा कपाळावर चढवून विषय वाटत. तुला बंद खिडकी. तुला धाकट्या बहिणीचे केस. तुला घड्याळ नको, ते फार झालं. हळूहळू त्यांच्या तोंडी शब्दही बसले. आशयसूत्र. अनेकार्थता. "इथे लेखकाला वेगळंच सांगायचंय," हे तर ते कुठल्याही पुस्तकाबद्दल म्हणत, आणि पोरं माना डोलावत.

यातलं एकही पुस्तक त्यांनी वाचलं नव्हतं.

वर्तमानपत्र ते वाचत, तेही ओठ हलवत. चारशे पानांची कादंबरी हातात धरली की त्यांना ती शिवायची गोष्ट वाटे, वाचायची नाही. घरी त्यांची बायको शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम करायची. ती एकदा सरळ म्हणाली होती, "अहो, तुम्ही पोरांना एवढं सांगता, पण वाचता कधी?" काका म्हणाले, "वाचावं लागत नाही. हाताला कळतं." ती मशीन चालवत म्हणाली, "माझ्या हाताला नुसतं कापड कळतं. ते घालणारं पोर कसं आहे ते नाही कळत." काकांना ते लागलं होतं. पण लागलेलं दाखवायचं नाही, ही त्यांची जुनी सवय.

आता त्या कादंबरीबद्दल थोडं सांगायला हवं. एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचं घर, दोन मुली, थोरली भांडून घर सोडून जाते. बाप चकार शब्द काढत नाही. आमच्याकडे तिच्या सहा प्रती. पाच नव्या, बारीक टाइपाच्या. एक जुन्या छापखान्याची, मोठ्या टाइपाची, काकांनी चौदा वर्षांपूर्वी नव्याने बांधलेली. त्या जुन्या प्रतीत एकशे ब्याण्णव पान संपतं तिथे थोरली मुक्कामाच्या खोलीचं दार उघडते: 'तिने कडी काढली, दार उघडलं आणि'. पान उलटलं की एकशे त्र्याण्णववर, 'विहिरीत पाणी नव्हतं.' मग सोळा पानं एक बाई कोरड्या विहिरीत पोहरा सोडत राहते. नाव नाही, गाव नाही. दोनशे आठ पान संपलं की पुन्हा घड्याळवाल्याचं घर.

त्या सोळा पानांच्या समासात पेन्सिलींची नुसती जत्रा होती. 'स्वप्न?' 'हे कधी घडलं?' 'भूतकाळ??' एकाने पानभर उभं प्रश्नचिन्ह काढलेलं. काकांच्या दृष्टीने एवढ्या खुणा म्हणजे एवढी खोली. ज्याची बुद्धी जरा बरी दिसेल अशालाच ते विहीर देत. चौदा वर्षांत तिघांना दिली होती. त्यातल्या एकाच्या निबंधावर तेव्हाच्या सरांनी लाल शाईने 'मौलिक निरीक्षण' असं लिहिलं होतं. तो कागद त्या मुलाने खाली आणून दाखवला तेव्हा काकांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना चहा पाजला. मीही प्यायले.

आणि मग सिस्टर आल्या.

कॉलेजच्या मागच्या भिंतीपलीकडे हॉस्पिटल आहे. सिस्टर तिथे बावीस वर्षं काम करत होत्या. पदवी असेल तर वरची जागा मिळणार होती, म्हणून चाळिशी उलटल्यावर त्यांनी संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. ड्यूटी संपवून थेट येत. वर्गात सगळी विशीतली पोरं, ह्या मागच्या बाकावर. एका दुपारी जिना उतरून काकांच्या खोलीत गेल्या आणि स्टुलावर धपकन बसल्या.

"काका, मला विषय द्या. प्रतीक-बितीक मला काही कळत नाही. मला ताप मोजता येतो."

काका हसले. "तेच तर आहे सिस्टर. ताप म्हणजे रोग नाही ना? पण आत काहीतरी चाललंय हे सांगतो. प्रतीक म्हणजे तसंच."

सिस्टर त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, हे आमच्या बाईंनी तीन तास शिकवलं, तरी डोक्यात शिरलं नव्हतं."

हे वाक्य काका पुढे आठवडाभर ज्याला त्याला ऐकवत होते. त्या दिवशी त्यांनी कपाटातून ती मोठ्या टाइपाची प्रत स्वतः काढून दिली. "हे घ्या, डोळ्यांना त्रास नाही. एकशे त्र्याण्णव ते दोनशे आठ. विहीर घ्या तुम्ही. तुम्हाला झेपेल."

सिस्टरांनी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, जेवणाच्या सुट्टीत, औषधांच्या फेऱ्यांच्या मधल्या वेळात. मग अकरा पानं हाताने लिहिली. सोपवायच्या आधी काकांना दाखवायला आणली. काकांनी पानं चाळली आणि म्हणाले, "झकास." सिस्टर म्हणाल्या, "असं नाही, ऐका तरी." आणि त्यांनी एक परिच्छेद वाचून दाखवला. विहीर कोरडी आहे हे त्या बाईला पहिल्या पोहऱ्यालाच कळलंय, असं त्यांनी लिहिलं होतं. तरी ती पुन्हा सोडते, कारण हात थांबले तर मग रडावं लागेल. आमच्या वॉर्डात नातेवाईक असेच रोज विचारतात, आज जरा बरं दिसतंय ना सिस्टर? उत्तर त्यांना माहीत असतं.

चौतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना पुस्तकातलं काही वाचून दाखवलं होतं.

पुढच्या आठवड्यात काय झालं ते वर्गातल्या पोरांनी माझ्या काउंटरवर येऊन, हसून हसून सांगितलं. त्या वर्षापासून कादंबरी नव्या बाई शिकवत होत्या. वयाने सिस्टरांपेक्षा बऱ्याच लहान, पण भरपूर वाचन असलेल्या, आणि नुसतं नाव बघून गुण देणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी सिस्टरांना उभं केलं.

"तुमचा निबंध कोणत्या कादंबरीवर आहे?"

सिस्टरांनी नाव सांगितलं.

"या कादंबरीत विहीर नाही. एकसुद्धा नाही. नळ आहे, पान एकोणतीस." वर्ग हसला. "कुणाच्या तरी तयार निबंधावरून उतरवायचं तर निदान पुस्तक तरी तेच आहे का ते बघायचं."

सिस्टर म्हणाल्या, "बाई, पुस्तकात आहे. सोळा पानं आहेत. मी उद्या दाखवते."

"दाखवा. नाहीतर शून्य, आणि वर प्राचार्यांकडे पत्र."

दुसऱ्या दिवशी अकरालाच सिस्टर माझ्याकडे हजर. ती प्रत त्यांनी परत केली होती, आणि पुठ्ठा सैल झाला म्हणून मी ती खाली पाठवली होती. त्या तशाच खाली गेल्या. काकांना घडलेलं सगळं सांगितलं. काका आधी बाईंवरच उखडले. "कालची पोर, तिला काय कळतंय! थांबा, मीच दाखवतो." त्यांनी पुस्तक यंत्रातून काढलं आणि एकशे ब्याण्णव पान उघडलं.

ते नंतर मला म्हणाले, "चौदा वर्षांत मी ते पान शंभरदा उघडलं असेल. पण त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. ओळ वाचली, पान उलटलं, पुढची ओळ वाचली. मग परत मागे येऊन तीच ओळ वाचली."

बाइंडरला जे दिसायला हवं ते आता त्यांना दिसलं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या जुड्या शिवून बनतं. त्या जुडीला फर्मा म्हणतात. एकशे त्र्याण्णव ते दोनशे आठ हा बरोबर एक फर्मा होता, तेरावा. आणि त्याचा कागद बाजूच्या पानांपेक्षा किंचित, अगदी किंचित पिवळा होता. त्यांच्या कामाच्या वहीत चौदा वर्षांपूर्वीच्या त्या तारखेला दोन पुस्तकं होती. एकाच छापखान्याची, एकाच मापाची, एकाच टाइपाची. दोन्ही एकाच दिवशी सोडवली, एकाच टेबलावर मांडली, आणि तेरावा फर्मा याचा त्याला, त्याचा याला शिवला. पानांचे आकडे जुळले. मजकूर जुळतो का हे बघायचं तर वाचायला हवं होतं, आणि ती सवय नव्हती.

सिस्टर स्टुलावर बसून वाट बघत होत्या. "सापडलं ना? चला, मी घेऊन जाते."

काका म्हणाले, "पुठ्ठा सुटलाय हो. असं नेलंत तर पानं पडतील. चारला या, पक्कं करून ठेवतो."

हे त्यांच्या तोंडून कसं निघालं ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. त्या गेल्या, आणि काका जिना चढून वर आले. ते कधी वर येत नसत. मला म्हणाले, जुन्या कादंबऱ्यांच्या रांगेतलं अमुक पुस्तक दे. मी काढून दिलं. अकरा वर्षांत ते कुणी नेलं नव्हतं. माझ्या मनात काही आलं नाही. आलं असतं तर, असं मला पुष्कळदा वाटतं. पण नाही आलं.

दाराला आतून कडी घालून काकांनी दोन्ही पुस्तकांचे दोरे कापले. फर्मे काढले. अदलाबदल केली. पुन्हा शिवलं, खळ लावली, यंत्रात दाबलं. काम चोख झालं. चारच्या ठोक्याला त्यांनी सिस्टरांच्या हातात पुस्तक ठेवलं. सिस्टर म्हणाल्या, "काका, देव भलं करो तुमचं."

संध्याकाळी वर्गात सिस्टरांनी सगळ्यांसमोर पुस्तक उघडलं. एकशे त्र्याण्णव. विहीर नव्हती. दारात थोरलीचा बाप उभा होता, भिजलेला, हातात तिची जुनी छत्री. सिस्टरांनी पान उलटलं, पुन्हा उलटलं. मागे गेल्या, पुढे गेल्या. पोरं आधी हसली, मग तीही गप्प झाली, इतका त्यांचा चेहरा उतरला होता. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "बसा तुम्ही." शून्य पडलं ते पडलंच.

वर्ग सुटल्यावर त्या खाली गेल्या. काका दिवा मालवून निघायच्या बेतात होते.

"काका, मी वाचलं होतं ना? तुम्हीच पान सांगितलं होतंत. विहीर होती ना?"

काका म्हणाले, "मी बाइंडर माणूस, सिस्टर. आतलं मला काय ठाऊक?"

सिस्टरांनी ते पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवलं. मग "बरं" म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. मी काउंटर बंद करत होते. मला त्यांनी नेहमीसारखं "येते हं" म्हटलं नाही.

त्या दिवशी काका जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही अर्धी पोळी. कामावर आले, पण पोरं विषय मागायला आली तर "उद्या, उद्या" करून हाकलली. जाळीतून पांढरे बूट जाताना दिसले की मान खाली घालत. तिसऱ्या दिवशी बायकोने मशीन थांबवून विचारलं, "काय केलंत?"

काय झालं, असं तिने विचारलं नाही. काय केलंत, असं विचारलं. काकांनी सगळं सांगितलं. फर्मे चुकले तिथपर्यंत ती हं हं करत होती. पुढचं ऐकल्यावर तिने हातातला शर्ट बाजूला ठेवला.

"म्हणजे ती खरं बोलत होती, आणि तुम्ही तिला खोटं पाडलंत."

"मी घाबरलो गं. चौतीस वर्षांचं नाव."

"कसलं नाव? न वाचता सांगायचं?" ती म्हणाली, आणि मग जरा नरमून, "मी उलटी बाही लावते तेव्हा गिऱ्हाइकासमोर उसवते. लाज वाटते. पण पोर दोन वेगळ्या हातांनी शाळेत जात नाही ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दोन्ही पुस्तकं छातीशी धरून बाईंच्या खोलीत गेले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं. ताजा दोरा दाखवला, खळीचे नवे डाग दाखवले, फर्म्यावरच्या पोरांच्या पेन्सिलीच्या खुणा आता दुसऱ्याच पुस्तकात गेल्या होत्या, त्या दाखवल्या. बाईंनी ती दुसरी कादंबरी उघडली. विहिरीची सोळा पानं तिथे आपल्या जागी होती. त्यांनी ती वाचून काढली. काका उभेच.

"चौदा वर्षं," बाई म्हणाल्या. "काका, तुम्हाला कळतंय का, त्या प्रतीतून कोणतं पान गेलं होतं? बाप मुलीला शोधत येतो, ते. सगळ्या पुस्तकात दोघं तेवढी एकदाच बोलतात. ज्यांनी तुमची प्रत वाचली, त्यांच्या लेखी तो बाप कधी आलाच नाही."

काकांना हे कळत नव्हतं. कादंबरी वाचलेली नसल्यामुळे आपण काय हरवलं हेही त्यांना दुसऱ्याने सांगावं लागलं. ते नंतर मला म्हणाले, चोरी कबूल करताना जेवढी लाज वाटली नाही तेवढी त्या वाक्याला वाटली.

बाईही जरा गडबडल्या होत्या. "मी चारचौघांत त्यांना म्हटलं की निबंध उतरवलाय. चूक माझीही आहे. पण हे तुम्ही वर्गात सांगायला हवं. मी सांगितलं तर ते तुमच्यावर पांघरूण घातल्यासारखं होईल."

त्याच संध्याकाळी काका वर्गात उभे राहिले. फळ्यापाशी, धुतलेला शर्ट घालून. समोर तीस-पस्तीस पोरं, त्यातल्या अर्ध्यांना त्यांनी विषय दिलेले. मी दारात होते. काकांनी आधी मागच्या बाकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सिस्टर खरं बोलत होत्या. पुस्तकात विहीर होती. ती मी चुकून शिवली होती. आणि मग चूक दिसल्यावर मी... मी गुपचूप काढून टाकली. म्हणजे सिस्टर खोट्या पडल्या." थांबले. "आणि आणखी एक. मी यातलं काहीच वाचलेलं नाही. ही कादंबरीही नाही."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं काका म्हणत. सिस्टर मागच्या बाकावर वहीकडे बघत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

तास संपल्यावर बाईंनी सिस्टरांना पुस्तक दिलं आणि म्हणाल्या, "तुमचे गुण मी देते. हवं तर हाच निबंध ठेवू, खाली टीप लिहून. नाहीतर आठ दिवसांत नवीन द्या." सिस्टर तिथेच उभ्या राहून परत जागेवर आलेली सोळा पानं वाचू लागल्या. सगळे निघून गेले. काका दाराबाहेर, मी जिन्याशी. बराच वेळ गेला. मग त्या पुस्तक मिटून बाहेर आल्या.

"बाप आला होता म्हणजे," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

काका हात जोडून म्हणाले, "सिस्टर, मला माफ करा. माझ्याकडून फर्मा चुकला."

"फर्म्याचं काही नाही काका. चुका आमच्याकडेही होतात. चुकीची गोळी दिली जाते. पण ती दिली हे आधी रजिस्टरमध्ये लिहायचं, मग डॉक्टरला बोलवायचं. बाटली बदलून ठेवायची नसते."

"कळतंय मला."

"तुम्ही चारला पुस्तक दिलंत ना, तेव्हा त्याला ओल्या खळीचा वास येत होता. वर्गात पान उघडलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं. म्हणून मी खाली आले होते विचारायला. म्हटलं, काका सांगतील."

काकांना सापडल्याचं दुःख नव्हतं आता. सिस्टरांना सगळं माहीत होतं, आणि तरी त्यांनी एक संधी दिली होती, आणि आपण त्यांच्या तोंडावर 'आतलं मला काय ठाऊक' म्हणालो, हे त्यांना पेलवत नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी धीर करून ते हॉस्पिटलच्या फाटकाशी सिस्टरांना गाठायला गेले. म्हणाले, "तुम्ही विहिरीवर लिहिलं होतं ते फार चांगलं होतं हो. ते फेकू नका. बाई ठेवायला तयार आहेत."

सिस्टर म्हणाल्या, "नको. मी घड्याळ घेतलंय."

"घड्याळावर तर अख्खा वर्ग लिहितो."

"म्हणूनच. त्यात चूक व्हायला जागा नाही."

त्यांनी घड्याळावर चार पानं लिहिली, गाइडमधल्यासारखी. बेताचे गुण पडले. पदवी मिळाली, पुढे वरची जागाही मिळाली. अकरा पानांच्या त्या निबंधाचं काय झालं मला माहीत नाही. पण पुढच्या दोन वर्षांत वर्गात त्यांनी स्वतःहून हात वर केलेला कुणी पाहिला नाही, हे बाईंनीच मला सांगितलं. काउंटरवर येत, पुस्तक घेत, हसत. जिना मात्र उतरल्या नाहीत.

काकांनी विषय देणं बंद केलं. पोरं आली की सांगत, "मी वाचलेलं नाही." पहिल्या वर्षी हे म्हणताना त्यांचे कान लाल होत. नव्या पोरांना वाटे, म्हातारा खडूस आहे. आणि त्यांनी ती कादंबरी वाचायला घेतली. खोलीत, दुपारच्या डब्यानंतर, बोट ओळीखाली धरून, ओठ हलवत. सात महिने लागले. त्या तेराव्या फर्म्याशी आले तेव्हा तीन दिवस पुढे गेलेच नाहीत. मी विचारलं, "आवडली का?" तर म्हणाले, "आवडण्याइतकं कळतंय कुठे अजून. पण तो माणूस छत्री घेऊन आलाय आणि किती वेळ बोलतच नाही, हे वाचवत नाही गं."

ते निवृत्त झाले तेव्हा सभागृहात निरोप समारंभ ठेवला. प्राचार्य नवीन होते, त्यांना जुनं काही ठाऊक नव्हतं. माईकवर म्हणाले, "आपले विषयकाका म्हणजे चालतंबोलतं ग्रंथालय! या माणसाने किती पुस्तकं पचवली असतील!" टाळ्या पडल्या. काकांना बोलायला उभं केलं. बायको पहिल्या रांगेत बसली होती. काका माईक धरून म्हणाले, "साहेब चुकीचं सांगतायत. मी सगळ्या जन्मात एक कादंबरी वाचली. तीसुद्धा एका बाईंचं वाटोळं केल्यावर."

सभागृहात हशा पिकला. प्राचार्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि माईकमध्ये म्हणाले, "बघा, किती हा विनय!" पुन्हा टाळ्या. पहिल्यापेक्षा जोरात.

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, पण टाळ्या थांबेनात. मग ते आपल्या जागेवर जाऊन बसले आणि भेट दिलेला फुलांचा गुच्छ मांडीवर आडवा ठेवून, कार्यक्रम संपेपर्यंत, खाली मान घालून त्याचा कागद सारखा करत राहिले.